बेवारस लिहिलेला डबा

एटापल्ली तालुक्यातल्या निम्म्या लोकांचे फोटो दसरूभाऊनं काढले, पण त्याला कलावंत कुणी म्हटलं नाही. म्हटलं ते थेट तीस वर्षांनी, पुण्याच्या एका बाईनं, आणि तेही त्याचा डबा उचलून नेताना.

मी जवळच्या शाळेत मास्तर होतो. बाजाराच्या दिवशी त्याच्या स्टुडिओत बसून लोकांचे अर्ज भरून द्यायचो. स्टुडिओ म्हणजे एक खोली, निळा पडदा, स्टूल आणि खिळ्याला टांगलेला काळा कोट. बनियनवरचे फोटो कचेरीतल्या एका बाबूनं परत पाठवले, तेव्हा दसरूभाऊनं स्वतःच्या लग्नातला कोट आणून तिथं टांगला. मग जो येईल त्याच्या अंगावर तोच कोट. कुणाच्या बाह्या बोटांपर्यंत यायच्या, कुणाचं बटण लागायचं नाही.

एका वेळी आठ फोटो निघत. अर्जाला चार लागत. माणूस चार न्यायचा आणि "बाकीचे मंग नेतो" म्हणून गावाकडं चालू लागायचा. राहिलेल्या प्रत्येक फोटोच्या मागं दसरूभाऊ बॉलपेननं नाव-गाव लिहायचा आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. डब्यावर त्यानं ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : बेवारस. हा शब्द त्यानं बसस्टँडच्या पाटीवर वाचला होता.

"दसरूभाऊ, असं नको लिहू. ह्यायले वारस हायेत," मी एकदा म्हटलं.

"न नेलेला सामान म्हंजे बेवारसच ना, मास्तर?"

मी हसून विषय सोडून दिला. माझं चुकलंच ते.

मोबाइल आले आणि स्टुडिओत कुत्रंही फिरकेना. अशात एक दिवस दिव्यानी मॅडम आल्या. जुने फोटो गोळा करून त्यांची प्रदर्शनं भरवायचं त्यांचं काम. डबा उघडून त्या फरशीवरच बसल्या आणि दोन तास उठल्या नाहीत. "तुम्ही मोठे कलावंत आहात," त्या म्हणाल्या. दसरूभाऊ पाघळला. मी त्याला दोष देत नाही. तीस वर्षं ज्याला लोकांनी फक्त "मी काळा दिसून राह्यलो" एवढंच सुनावलं, तो दुसरं काय करणार? प्रदर्शन झालं की परत पाठवते म्हणत बाईंनी डबा नेला.

पंधरा दिवसांनी बायनाबाई आली. तिचा नवरा लालसू सहा वर्षांपूर्वी तापानं गेला होता.

"घरी एक फोटो होता, भाऊ. छपराच्या गळतीत पांढरा पडला. त्याचं तोंड विसरून राह्यली मी. तुह्या डब्यात एक असंल."

दसरूभाऊनं तिच्याकडं पाहिलंच नाही. मीच दिव्यानी मॅडमना फोन लावला. प्रदर्शन पुढच्या महिन्यात चंद्रपूरला येतंय, तिथंच या, असं उत्तर मिळालं. आम्ही तिघं एसटीनं गेलो.

हॉलमध्ये भिंतीवर पुरुष-पुरुष उंचीचे चेहरे लावले होते, सगळे त्याच एका कोटात. मधोमध लालसू. त्याच्या डोक्यावर 'बेवारस' लिहिलेलं, डब्यावरचंच अक्षर, ओघळलेल्या रंगासकट मोठं केलेलं. बाजूला छापलं होतं : 'अनाम माणसांचा सापडलेला संग्रह.' सापडलेला म्हणे! आणि लालसूच्या खाली : 'नजर कॅमेरा टाळते. परक्या कोटात अवघडलेला, व्यवस्थेला घाबरलेला माणूस.'

मला संताप आला. हा फोटो काढला त्या दिवशी मी स्टुडिओत होतो. लालसूनं कोट चढवला, तशी कॅमेऱ्याच्या बाजूला उभी असलेली बायनाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि नेमकं तेव्हाच दसरूभाऊनं बटण दाबलं. माणूस कुणाकडं पाहतोय हे विचारल्याशिवाय फोटो पाहून होत नाही, हे एवढ्या शिकलेल्या बाईला कळू नये? पण खोटं का बोलू, फोटो मोठा केल्यामुळं त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात दाबलेलं हसू मला पहिल्यांदाच दिसलं.

बायनाबाईला कुणी काही सांगितलं नाही. ती आपणहून डावीकडं सरकली, त्याची नजर जिथं पोचत होती तिथं जाऊन उभी राहिली.

"माह्याकडं पाहून राह्यला," ती म्हणाली.

मी टेबलाशी बसलेल्या मुलीकडं डब्यातला तो छोटा फोटो मागितला. ती अदबीनं बोलली. मूळ फोटो मुंबईच्या एका संग्राहकाकडं गेलेत, अर्ज करा, सोबत वारस असल्याचा दाखला जोडा.

"मांगं नाव लिहून हाये ना," दसरूभाऊ म्हणाला. "लालसू, गावासकट."

"मागची बाजू पुठ्ठ्याला चिकटवली आहे, सर."

मी मोबाइल काढला, म्हटलं भिंतीवरचा तरी घेऊ. बायनाबाईनं माझा हात धरला.

"वर काय लिहिलं हाये, मास्तर?"

"बेवारस."

"म्हंजे?"

"ज्याचं कोणी नाई तो."

"मी हाये ना," ती म्हणाली. "चार लेकरं हायेत. कोनं लिहिलं हे?"

दसरूभाऊ तिच्या शेजारीच उभा होता. त्यानं मान वर केली, स्वतःचं अक्षर नीट पाहिलं.

"माहीत नाई, बाई," तो म्हणाला.

तिनं मग माझ्याकडं पाहिलं. मीही नकारार्थी मान हलवली.