प्रभाताईंनी पाहिलेला पत्रा

प्रभाताईंचे मी आधी पाय पाहिले. यवतमाळच्या एका डॉक्टरांच्या बंगल्यासमोर पांढरी ॲम्बेसेडर उभी होती आणि तिच्याखालून ते पाय बाहेर आले होते. भेगाळलेल्या टाचा, रबरी चपला, घोट्यांवर आवळून बांधलेली सुती साडी. जुन्या गाड्या पारखून देणारे मेश्राम सर्वेअर इथे भेटतील, एवढंच मला आमच्या शेतमजूर संघटनेतून सांगितलं होतं. मी त्या पायांनाच विचारलं, "मेश्राम साहेब कुठे आहेत?"

"साहेब वारले," गाडीखालून आवाज आला. "आता मीच हाये. बाजूले सरक, पोरी. अंधार करून राह्यली तू."

मी सरकले. थोड्या वेळाने एक साठी ओलांडलेली बाई गोणपाटावरून घसरत बाहेर आली. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात स्कूटरला असतो तसा गोल आरसा. कमरेला पिशवी, आणि पिशवीत फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. केसांतली माती झटकत तिने माझ्या हातातल्या पत्रकांकडे पाहिलं. "कायच्या विरोधात हाये?" मी म्हटलं, शेतमजूर बायांना पुरुषांपेक्षा कमी मजुरी देतात, त्याच्या विरोधात. "मंग बरोबर हाये," ती म्हणाली आणि गाडीचं दार उघडून क्लचच्या पायडलवर वाकली.

तिचे यजमान विमा कंपनीसाठी अपघाती गाड्यांची पाहणी करायचे. त्यांची कंबर गेली, वाकणं बंद झालं. मग गाडीखाली जायची ती, वर खुर्चीत बसून लिहायचे ते. ते गेल्यावर विम्याचं काम थांबलं, कारण परवाना त्यांच्या नावाचा होता. वर्षानुवर्षं गाडीखाली कोण जात होतं, याच्याशी कंपनीला देणंघेणं नव्हतं! मला हे ऐकून संताप आला. मी म्हटलं, यावर पत्रक काढू. ती हसली. "काढ. पण आधी मले काम करू दे." विम्याचं काम सुटलं तोवर जुन्या ॲम्बेसेडर, फियाट, जीप घेणाऱ्या शौकीन लोकांना तिचा पत्ता लागला होता. नागपूर-अमरावतीहून बोलावणी यायची. फी ती आधी घ्यायची. काम झाल्यावर पैसे मोजणारा माणूस मनासारखा निकाल मागतो, असं तिचं म्हणणं.

त्या दिवशी डॉक्टरांची गाडी घ्यायला नागपूरचे एक गृहस्थ आले होते. फी त्यांनी दिलेली. डॉक्टर मीटरकडे बोट दाखवत म्हणाले, "बघा, किती कमी चालली आहे."

"मीटर खोटं बोलते जी," प्रभाताई म्हणाली. "पायडल नाही बोलत. याचं रबर झिजून लोखंड दिसून राह्यलं. एवढ्या चालीत एवढं झिजत नाही."

डॉक्टर ओशाळले. मीटरची तार मधली कित्येक वर्षं तुटलेली होती, हे त्यांनी कबूल केलं. नागपूरकरांचा चेहरा खुलला, आता भाव पाडता येणार म्हणून. तेवढ्यात ती डॉक्टरांना म्हणाली, "पण पत्रा सगळा मूळचा हाये. कुठंच ठोकली नाही, कुठंच भरली नाही. तुम्ही भाव कमी सांगतला, डॉक्टरसाहेब."

मी थक्क झाले. नागपूरकर तर लालबुंद. "अहो ताई, फी मी दिली आहे!"

"फी पाहाची देल्ली तुम्ही. गाडी खराब कराची नाही देल्ली."

माझ्या जगात माणूस एकतर या बाजूला असतो, नाहीतर त्या. मोर्चा आपला की मालकाचा? बोला! आणि ही बाई एकाचे पैसे घेऊन दुसऱ्याच्या फायद्याचं बोलत होती. मला ते दुटप्पी वाटलं. परतताना मी तसं तिला तोंडावर म्हटलंही. ती रागावली नाही. म्हणाली, "बाजू घ्याले तुम्ही लोक हायेच ना. एखादा माणूस नुसता पाहाले राहू द्या."

आमचं काम होतं किसनदादांच्या जीपचं. किसनदादा म्हणजे घाटंजीकडच्या शेतमजुरांचे जुने पुढारी. मी जन्मायच्या आधीच ते गेले. मजुरीच्या लढ्यात बायांना गावोगाव सभेला नेताना त्यांच्या जीपवर दगडफेक झाली, ही गोष्ट आमच्या संघटनेत प्रत्येकाला पाठ. जीप नेरला त्यांच्या मुलाकडे, शरदकाकांकडे, पडून होती. ते एसटीतून निवृत्त झालेले, आता घर विकून मुलीकडे अमरावतीला निघालेले. जीपला दुसरं गिऱ्हाईक होतं: हायवेवरचा एक ढाबेवाला, ज्याला ती फोटो काढण्यासाठी दारात उभी करायची होती. किसनदादांची जीप, आणि तिच्या बोनेटवर बसून लोक लस्सी पिणार! आम्ही पेटलो. जीप घाटंजीला कार्यालयासमोर उभी करायची, असं ठरलं. ज्यांची दिवसाची मजुरी ऐकून लाज वाटावी, त्या बायांनी त्यातून वर्गणी दिली. म्हणूनच आमचे अध्यक्ष अविनाशभाऊ म्हणाले, पारखून घेऊ, बायांचा पैसा आहे. पत्रक मात्र त्यांनी आधीच छापून घेतलं होतं, माझ्याच मजकुराचं. वर शरदकाकांनी पाठवलेला फोटो: जीपच्या डाव्या बाजूच्या पत्र्यावर पडलेले पोचे. खाली ठळक ओळ: 'हे दगड आमच्यावर पडले होते.'

नेरला प्रभाताई, अविनाशभाऊ आणि मी एसटीने गेलो. शरदकाकांनी अंगणात खुर्च्या टाकल्या, चहा ठेवायला सांगितला. प्रभाताई बसलीच नाही. गोणपाट टाकून ती आधी खाली गेली, चासीचा नंबर फडक्याने पुसून कागदांशी ताडला. "जीप तीच हाये," ती खालूनच ओरडली. अविनाशभाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली. इंजिन नंतर बदललेलं निघालं, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

मग ती डाव्या बाजूला आली, त्या पोच्यांपाशी. आम्ही दोघं आपोआप गप्प झालो, समाधीपाशी होतो तसे. तिने एकेका पोच्यात अंगठा बसवून पाहिला. आरसा आतून धरून पाहिलं. चुंबक लावलं. ते चिकटलं, थोडं खाली घसरलं आणि गळून पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. तिने शरदकाकांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "हातोडी कोणाची होती जी?"

अविनाशभाऊ म्हणाले, "कसली हातोडी? ताई, हे दगडांचे पोचे आहेत."

"दगड काय एका मापाचे असतात, भाऊ? हे पाहा, सगळे गोल, सगळे सारखे. अन् रंग उडाला तेथी गंज अजून पिवळा हाये. एक पावसाळाबी नाही पाह्यला यानं."

शरदकाका खुर्चीवर बसले. चहाचे कप घेऊन आलेल्या काकू दारातच थांबल्या. मी काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. बापाच्या नावावर धंदा, हे शब्द मी वापरले. एका म्हाताऱ्या माणसाला, त्याच्या अंगणात.

"तुम्हीच विचारत होते," शरदकाका म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "भाऊ, तुमचा फोन आला का पह्यला सवाल तोच. पोचे हायेत ना? पोच्यांचा फोटो पाठवा. बिना पोच्यांची जीप तुम्ही घेत नव्हते. ढाबेवाल्याले देऊ काय बाबाची गाडी? म्हून मारले मीच."

"म्हणजे दगडफेक झालीच नव्हती?" मी ओरडले.

"झाली ना! पण बाबानं आठ दिवसांत पत्रा सरळ करून घेतला. बाया बसतात या गाडीत, म्हणे. पोचे पाहून त्यांच्या घरचे पाठवणार नाहीत. पुट्टी भरली, रंग मारला, अन् पुढच्या सभेले गेला."

"मग हे सांगितलं का नाही?"

"काय झालं, हे कोणं विचारलं मले? तुम्ही पोचे विचारले."

मी प्रभाताईकडे पाहिलं. ती एका पोच्यातून नखाने पिवळट ढलपी काढत होती. "पुट्टी हाये खरी," ती म्हणाली. "जुनी हाये. चांगल्या हाताची. हातोडीनं फुटली. एवढा भाग पहिले भरला होता, म्हून चुंबक धरत नाही."

म्हणजे खरी खूण त्या गुळगुळीत पत्र्याच्या आत होती, आणि आम्हाला जखमा बघायच्या होत्या म्हणून पोटच्या मुलाने ती हातोडीने फोडली! अविनाशभाऊ मात्र एकदम उठले. त्यांचे डोळे चमकत होते. "म्हणजे सिद्ध झालं! ताई, तुमच्या अहवालात लिहा: दगडफेकीने झालेलं नुकसान त्याच काळात दुरुस्त केल्याचं आढळलं. उलट हे जास्त चांगलं आहे."

मलाही तेच वाटलं. मी वही उघडलीसुद्धा.

"नाही जी," प्रभाताई म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"मले पुट्टी दिसली. दगड नाही दिसला. बैलबंडी घासली असंल, झाडाले लागली असंल. मी कशी सांगू?"

"पण काका सांगतायत ना!"

"थे त्यांचं हाये. त्यांच्या नावानं लिहा, त्यांची सही घ्या. माझ्या तोंडात टाकू नका."

मी चिडून म्हटलं, "ताई, तुमचा काकांवर विश्वास नाही का?"

"पूरा हाये," ती म्हणाली. "म्हून तं म्हणतो, त्यांचं त्यांच्या नावानं राहू दे. माझ्या पुट्टीचा आधार कायले पाहिजे त्याले?"

अविनाशभाऊंनी तिला समजावलं. मग दटावलं. मग बायांच्या वर्गणीची आठवण करून दिली, छापलेल्या पत्रकांची, ठरलेल्या कार्यक्रमाची. ती ऐकत राहिली आणि चहा पीत राहिली, आम्ही कुणीच घेतला नव्हता तो चहा. शेवटी म्हणाली, "बायांचा पैसा हाये म्हून मले आणलं ना? मंग बायांले जे दिसलं थे सांगा." आणि शरदकाकांकडे वळून तिने जीपचा भाव सांगितला. त्यांनी मागितला होता त्याहून बराच कमी. त्यांनी तो कबूल केला. मग तिने त्यांना वेगळंच विचारलं, पुट्टी भरणारा मिस्त्री कोण होता म्हणून. काकांना नाव आठवलं नाही. "हात लय साफ होता," ती म्हणाली. त्या अंगणात त्या दिवशी कुणाची झालेली ती एकमेव स्तुती.

जीप आम्ही त्या भावात घेतली. पत्रकं वाटायची नाहीत, असं मी बैठकीत म्हटलं तेव्हा बराच आरडाओरडा झाला. कागदाचा खर्च कोण देणार, इथपासून तू कुणाच्या बाजूची, इथपर्यंत. मी नवीन मजकूर लिहिला. शरदकाकांनी सांगितलं ते त्यांच्या सहीनिशी, आणि प्रभाताईंनी पाहिलं ते वेगळं. एकात दुसरं मिसळलं नाही. छापून झाल्यावर ते आमच्या कोणत्याही पत्रकापेक्षा मिळमिळीत वाटत होतं, हेही सांगते.

जीप आता घाटंजीला उभी आहे, हातोडीच्या पोच्यांसकट. लोक येतात, पोच्यांवरून हात फिरवतात, विचारतात, "हेच का ते दगड?" मला दर वेळी सांगावं लागतं, नाही. त्यांचे चेहरे पडतात. सभेत टाळ्या घेणं मला येतं. असे पडलेले चेहरे बघत उभं राहणं अजून जमत नाही. एकदा प्रभाताई आली असताना मी तक्रार केली. ती म्हणाली, "चेहरा पडला म्हणजे आयकलं त्यानं. नाहीतं मान हलवून गेला असता."

प्रभाताई यंदा उन्हाळ्यात गेली. झोपेतच. आदल्या दिवशी एक फियाट पाहून आली होती, आणि ती घेऊ नका म्हणाली होती. मला कळलं तेव्हा मी बसस्टँडवर पत्रकं वाटत होते. गठ्ठा तिथेच बाकड्यावर ठेवून मी खाली बसले. बाई गाडीखाली जायची आणि बाहेर यायची, हेच माझ्या डोक्यात इतकं बसलेलं की ती कधी येणार नाही असं मनात आलंच नव्हतं.

शोकसभा कार्यालयात घेतली. वर्गणी दिलेल्या बाया आल्या, अमरावतीहून शरदकाका आले. अविनाशभाऊ बोलायला उभे राहिले. चांगलं बोलले, मनापासून बोलले. आणि मग म्हणाले, "किसनदादांवर दगड पडले, हे ज्यांनी तपासणीतून सिद्ध करून दाखवलं, अशा आमच्या प्रभाताई..."

बायांनी माना हलवल्या. एकीने पदर डोळ्यांना लावला. तिला जाऊन पंधरवडाही झाला नव्हता!

शोकसभेत मध्ये बोलायचं नसतं, हे मलाही कळतं. मी उभी राहिले. म्हटलं, "भाऊ, असं त्या म्हणाल्या नव्हत्या."

सगळी सभा माझ्याकडे वळली. अविनाशभाऊंनी चष्मा काढला. ते भडकतील असं वाटलं होतं. पण ते थकल्यासारखे दिसले. म्हणाले, "मग काय म्हणाल्या होत्या? सांग."

मी सांगितलं. डाव्या बाजूचा पत्रा पूर्वी एकदा दुरुस्त झालेला आहे. कशाने बिघडला होता, ते गाडी पाहून सांगता येत नाही.