मागच्या टायरचा खर्च

ऐंशीच्या दशकातल्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. मी रत्नागिरीत एका कचेरीत कारकून होतो आणि माझा मित्र एसटी स्टँडच्या मागे मोटारसायकली दुरुस्त करायचा. त्या वर्षी त्याने जुन्या गाड्यांच्या शर्यतींत उतरायचं ठरवलं. कोल्हापूर, बेळगाव, पुणे आणि शेवटी गोवा. त्याने घेतलेली इंग्लिश मोटारसायकल आमच्याहून वयाने मोठी होती. एक बागायतदार वारला, त्याच्या बायकोने ती विकायला काढली होती.

सीझनच्या खर्चाचा अंदाज मी मांडला. टेम्पोचं भाडं, पेट्रोल, ऑइल, प्रवेश फी, लॉज, दोघांचं जेवण. टायर पुढचा एक, मागचे दोन. दोघांची कमाई मिळून एवढंच झेपणार होतं.

कोल्हापूरलाच मागचा टायर गुळगुळीत झाला. बेळगावला दुसरा संपत आला, पुणे त्याच्यावरच कसंबसं काढलं. पेट्रोल धरलं होतं त्याच्या दीडपट लागलं. मित्राने कार्ब्युरेटर साफ केला, इंजिन उघडून पाहिलं. काही सापडलं नाही. पुण्याहून परतलो तेव्हा मागची स्प्रिंग बसली होती.

"दोन माणसं बसल्यासारखी झिजतेय," तो म्हणाला.

सीट तर एकट्याची होती.

एका रविवारी भर दुपारी आम्ही गाडी गावाबाहेरच्या सड्यावर, मोकळ्या पठारावर, नेली. मी मोजून पेट्रोल ओतलं आणि तो कातळावर फेऱ्या मारू लागला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. दुरून तो समोर येताना दिसला की गाडी मागच्या बाजूला दबलेली वाटायची. उन्हाने तसं दिसत असेल, असं मी स्वतःला सांगत राहिलो. ठरलेल्या फेऱ्यांच्या निम्म्यातच टाकी रिकामी झाली.

तिथून आम्ही थेट त्या बागायतदाराच्या घरी गेलो. त्याची बायको अंगणात आमसुलं वाळत घालत होती.

"काकू, काकांच्या वेळीसुद्धा गाडीला पेट्रोल जास्त लागायचं?" मी विचारलं.

"लागायचं," हातातलं काम न थांबवता ती म्हणाली. "मागचे टायरही. तो खर्च धरूनच निघायचे ते."

"सोबत कोणी असायचं?"

"एकटेच जायचे. शेवटच्या शर्यतीहून आले आणि गाडी बागेतल्या मांगराच्या खोपटात लावली ती कायमची. पुढे वर्षभर बाहेरचं दार लावू द्यायचे नाहीत. का म्हणून विचारलं, तर म्हणायचे, पोचला नसेल अजून."

कोण, हे विचारायचा धीर आम्हा दोघांनाही झाला नाही.

गोवा सोडून देऊ, असं मी वाटेत म्हटलं. "फी भरलीय," एवढंच तो बोलला. मग मी लॉजचा खर्च कापला, जेवण घरून न्यायचं ठरवलं आणि तिसऱ्या मागच्या टायरचा खर्च त्यात बसवला.

गोव्याला मी कडेच्या दोरीपाशी उभा होतो. तिसऱ्या फेरीत, चिंचेजवळच्या वळणावर, त्याची गाडी क्षणभर डगमगली आणि मग सुसाट सुटली. तेवढा वेग तिला कधीच नव्हता. शर्यत संपल्यावर त्याने हेल्मेट काढलं, तेव्हा चेहरा पांढराफटक होता.

"वळणावर गाडी हलकी झाली," तो म्हणाला.

"टायर घसरला असेल."

"नाही रे. मागचं माणूस उतरलं की गाडी कशी होते, ते मला कळतं."

"तू वळून बघितलंस?"

"नाही."

मी मागचा टायर पाहिला. नव्यासारखाच होता. टाकीत पेट्रोल निम्म्याहून जास्त उरलं होतं. निकाल ऐकायला तो थांबला नाही. टेम्पोत गाडी बांधताना मी त्या वळणाकडे पाहायचं टाळलं. तिथे चिंचेच्या सावलीत लोक उभे होते. साधेच, शर्यत बघायला आलेले. तरी मला ते मोजावेसे वाटले नाहीत.

गाडी त्याने पावसाच्या आधी बेळगावच्या एकाला विकली. रोजच्या वापराची स्कूटर मात्र तो पुढे कितीतरी वर्षं चालवत होता. तिच्यावर मागे त्याने कुणाला बसवलं नाही. बायकोलासुद्धा बाजारात जायला रिक्षा करून द्यायचा.