आप्पांचा जुना सॅल्यूट

रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात घरटी एक फौजी आहे. शाळेच्या फाटकाशी माजी सैनिकांच्या नावांचा दगड बसवायचं ठरलं, तेव्हा माझ्या वडिलांचं नाव त्यावर येणार हे मी धरूनच चालले होते. आप्पा एकाहत्तरच्या लढाईत बॉम्बर विमानावर नॅव्हिगेटर होते. पायलट विमान चालवायचा, हे दिशा आणि वेळ सांगायचे. बॉम्ब टाकताना विमानाच्या नाकात पालथे पडून नेम धरायचे. मला एवढंच ठाऊक होतं, कारण त्यांनी एवढंच सांगितलं होतं.

यादी करणाऱ्या निवृत्त सुभेदारांचा फोन आला म्हणून मी सांगलीहून त्यांच्याकडे गेले.

"ताई, राग मानू नगा. सव्वीस जानेवारीला आप्पांनी सॅल्यूट मारला तवा पंजा सरळ समोर व्हता. तो आमचा, पायदळाचा. हवाई दलाचा तळवा तिरका, खाली झुकलेला. माझा पोरगा हाय की तिथं. आवं, विमानातला मानूस सॅल्यूट इसरंल व्हय?"

"मग ते कोण होते म्हणता?"

"आमी कुठं काय म्हनतोय? गुरुवारी पाथरवट यायचाय. दगडावर खोटं नाव नगं, एवढंच."

मलाही शंका आली होती. इतक्या वर्षांत त्यांचा एकही जुना सोबती घरी आला नव्हता. त्यांच्या ट्रंकेला कायम कुलूप. मी औषधांचं दुकान चालवते. चिठ्ठी बघितल्याशिवाय गोळी देत नाही.

घरी जाऊन म्हणाले, "आप्पा, ट्रंकेची किल्ली द्या. तुमचा सॅल्यूट चुकीचा आहे म्हणतात."

"चुकीचा नाही, जुना आहे. आमच्या वेळी पायदळासारखाच होता. मागनं बदलला. मी तोवर इथं हळद लावत होतो. मला काय पत्र पाठवणार होते?"

ट्रंकेत उड्डाणांची वही निघाली, पानोपानी कमांडरच्या सह्या. एक फोटोही होता. विमानापुढे रांग, सगळ्यांचे पंजे सरळ समोर. डावीकडून तिसरे आप्पा.

"हे कधीच का दाखवलं नाहीत?"

"काय दाखवू? सगळी लढाई मी घड्याळ आणि नकाशा बघत केली. बॉम्ब सुटला की विमान वळायचं. तो कुणावर पडला, ते मला आजतागायत माहीत नाही."

मी वही आणि फोटो घेऊन सुभेदारांकडे गेले.

सुभेदारांनी फोटो चष्मा लावून, चष्मा काढून पाहिला. मग मोबाइलवर मुलाला पाठवला. मुलानं आपल्या साहेबांना विचारून कळवलं, आधी असाच होता. गुरुवारी नाव कोरलं गेलं.

पंधरा ऑगस्टला झेंडा वर गेला. आप्पांनी पंजा सरळ समोर धरून सॅल्यूट ठोकला. सुभेदार माझ्या कानाशी आले. "ताई, आता तरी नवा शिकवा की त्यांना. नवी पोरं इचारत्यात."

"तुम्ही झेंड्याकडे बघा," मी म्हणाले. मीही आप्पांच्या हाताकडेच बघत होते.