नऊ जणांचा परवाना

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. समितीत नाही, घरी बदलापूरला नाही, ज्या महादूबरोबर रोज डबा खातो त्यालाही नाही. दुसऱ्यांच्या लबाड्या मात्र मी पत्रकांतून चव्हाट्यावर मांडत आलो — साहेबांच्या, कंत्राटदारांच्या, रेशनवाल्यांच्या. ठळक टायपात, खाली स्वतःचं नाव घालून. मग ही एकच का राहिली?

आधी अम्मांबद्दल सांगायला हवं.

अम्मा कराचीच्या. फाळणीनंतर इथल्या निर्वासितांच्या कँपात आल्या. त्याच कँपाचं पुढे उल्हासनगर झालं. लष्कराने सोडलेल्या बराकीत गोणपाटाचे पडदे लावून अकरा कुटुंबं राहायची, त्यातल्या एका पडद्यामागे त्या एकट्या. एकट्या कसल्या — पलीकडचा खोकला, अलीकडचं भांडण, सगळं त्यांच्या उशाशी. आमची समिती कँपातल्या नळांसाठी भांडत होती. सह्या गोळा करायला गेलो तेव्हा ओळख झाली. मला त्या 'पुट' म्हणायच्या, सिंधीत मुलाला म्हणतात तसं.

सही करून म्हणाल्या, "पुट, पानी तो आज ना कल मिलेगा. समुंदर कहाँ मिलेगा?"

मी म्हटलं, चौपाटी काय लांब आहे? त्या हसल्या. "वहाँ तो बराक से भी ज्यादा आदमी है."

त्यांना माणसं नसलेला समुद्र हवा होता. कराचीबाहेर तसा एक होता म्हणे. नवरा घोडागाडीतून न्यायचा, कासवं वाळूत अंडी घालायला यायची, मैलभर चिटपाखरू नाही. तिथे बसून काय करायचात, मी विचारलं. "कुछ नहीं," म्हणाल्या. "बस, कोई सुनता नहीं था."

आणि मी? मी तरी समुद्र कुठे धड पाहिला होता? आमचं पाणी म्हणजे उल्हास नदी. चौपाटीवर एकदा मोर्चाबरोबर गेलो होतो, पण तेव्हा तोंड व्यासपीठाकडे होतं, पाठ समुद्राकडे. अम्मा बोलायला लागल्या की माझ्या आत काहीतरी ओढल्यासारखं व्हायचं. नुसतं पाणी. घोषणा नाही, ठराव नाही.

महादू अंबरनाथच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या यंत्रावर. मूळचा कोकणातला. त्याच्या गावापलीकडे असाच किनारा होता — राखीव जंगल थेट वाळूपर्यंत उतरलेलं. तिथे पुढेमागे राष्ट्रीय उद्यान करायचं सरकारच्या मनात होतं, म्हणून परवान्याशिवाय प्रवेश बंद.

"काय बघायचंय तिथं? कुत्रं पण जात नाय," महादू म्हणाला. "कासवं येतात माघात. त्यांना परवाना कोण देतो, देव जाणे."

मी अर्ज केला. नऊ नावं — अम्मा, बराकीतले सहा जण, महादू आणि मी.

ते दिवस आठवले की अजून चैन पडत नाही. भाऊच्या धक्क्यावरून बोट, बंदरावरून बैलगाडी, शेवटचे दोन कोस जंगलातून पायी — हा नकाशा अम्मा माझ्याकडून पुन्हा पुन्हा काढून घ्यायच्या, मिळेल त्या कागदावर. कोकी किती करायच्या यावर बराकीत वाद. कोकी म्हणजे त्यांची कांदा घातलेली जाड रोटी, प्रवासात टिकते. शेजारीण चिडवायची, "अम्मा, तुम तो वापस ही नहीं आओगी." अम्मा म्हणायच्या, "आऊँगी. नहीं तो नल पे मेरा नंबर तू खाएगी." चालायची सवय व्हावी म्हणून त्या रोज सकाळी बराकीभोवती फेऱ्या मारत. साठीची बाई. मी पाहिलंय ते.

उत्तर येईना. एक महिना, दोन, तीन. माझं डोकं तापलं. एका बैठकीत पत्रक लिहून काढलं — 'समुद्रालाही कुंपण?' चांगलं उतरलं होतं, आजही म्हणेन. घरदार गमावलेल्या म्हातारीला सरकार लाटसुद्धा बघू देत नाही! तिथल्या वनाधिकाऱ्याला मी 'वाळूवर वेटोळं घालून बसलेला नाग' म्हटलं. आणि लिहिलं, परवाना नाकारला. नाकारला नव्हता; उत्तर आलं नव्हतं. पण 'उत्तर आलं नाही' यात जोर कुठे असतो? कल्याणच्या छापखान्यात टायपाचे खिळे जुळवून झाले, प्रूफ माझ्या हातात आलं.

त्याच दुपारी टपाल आलं.

परवाना आला होता.

नऊ जणांचा, अख्ख्या माघ महिन्याचा. खाली त्या वनाधिकाऱ्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं — फिरतीवर असल्याने उशीर झाला, क्षमा असावी. पिण्याचं पाणी बरोबर आणा, इथलं मचूळ आहे. अर्जात एक वृद्ध बाई दिसतात, त्यांच्यासाठी जंगलाच्या नाक्यावर डोली ठेवतो.

आधी आनंद झाला. खरंच झाला. उठून चपला घातल्या, अम्मांकडे निघालोच होतो. मग टेबलावरचं प्रूफ दिसलं. माझं नाव पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या टायपात होतं. आता हे सगळे खिळे सोडवायचे? कशासाठी — एक सहल नीट पार पडावी म्हणून? परवान्यावर कोण सभा घेतं? मला नकार हवा होता.

प्रूफ परत नेलं तेव्हा छापखान्याच्या मालकांनी विचारलं, "काही बदल?"

"एक वेलांटी चुकलीय," मी म्हटलं. "बाकी छापा."

अम्मांना सांगितलं, नाही म्हणाले. मग त्यांनीच माझी समजूत घातली — "तू दिल छोटा मत कर, पुट." कोकींसाठी साठवलेलं तूप शेजारणीला देऊन टाकलं. आणि पत्रकं वाटायला स्वतः बाहेर पडल्या, बराकीबराकीतून. चालायची सवय झालीच होती.

पुन्हा अर्ज करू, महादू म्हणाला. केला असता, तर कचेरीतून उत्तर आलं असतं — परवाना आधीच दिलाय. म्हणून मी सभेत ठराव मांडला: यापुढे सरकारच्या दारात भीक मागायची नाही. एकमताने मंजूर. अम्मांचाही हात वर होता. पुढे त्या वनाधिकाऱ्याची बदली झाल्याचं कळलं. त्याने वरिष्ठांना लेखी खुलासा दिलाही असेल, मला काय? बदली हा आमचा विजय, असं मी पुढच्या पत्रकात छापलं.

दोन वर्षांनी अम्मांचा भाचा त्यांना अजमेरला घेऊन गेला. तिथून समुद्र किती लांब ते मी नकाशात पाहिलं, आणि नकाशा मिटला. जाताना म्हणाल्या, "तू कभी जाए तो लिखना, कैसा है."

गेल्या माघात मी गेलो. एकटाच. माझ्या एकट्याच्या नावाचा परवाना आठवड्यात मिळाला. केवड्याची बनं ओलांडली आणि समोर नुसती वाळू, मर्यादवेल, आणि पाणी. कासवाचा माग वर चढत गेलेला, बैलगाडी गेल्यासारखा. दुपार कलेपर्यंत बसलो. तिथे सगळं मोठ्यानं बोलता आलं असतं. नाही बोललो. शेजारी एका माणसाची जागा सोडून बसलो होतो, हे उठताना लक्षात आलं.

परतल्यावर पोस्टकार्ड घेतलं. किनारा कसा आहे हे लिहिलं, तर अम्मा विचारणार — मग आपण का नाही गेलो? मी लिहिलं: अम्मा, परवाना अजून देत नाहीत. लढा चालू आहे.

भाच्याच्या अक्षरात दोन ओळींचं उत्तर आलं. आँखों से अब कम दिखता है. पर तू लड़ते रहना, पुट.

ते पोस्टकार्ड मी पुढच्या सभेत वाचून दाखवलं.