पडद्याची दुमड

काल लेकीने पडद्यांसाठी सुती कापड आणलं. गठ्ठा सोडला तसा कोऱ्या कापडाचा, खळीचा वास आला आणि मी थेट जुन्या नाशकात, शमीमखालांच्या शिवणाच्या दुकानात जाऊन पोचले.

तेव्हा मी शाळेत गणित शिकवायचे आणि तो ताठा अंगात होता. खिडकीची उंची, दुमड, चार पडदे, असं सगळं कागदावर मांडून मी बरोबर तेवढंच कापड नेलं होतं. खालांनी ते दोन बोटांत धरून चोळलं. "बाई, हे पहिल्या धुण्यात आटेल. अर्धा मीटर अजून आणा."

दुकानात आणखी तीन बायका बसल्या होत्या. त्यांच्यादेखत मी कागद पुढे केला आणि हसत म्हणाले, "माझा हिशेब चोख आहे. जास्तीचं कापड शेवटी कुणाकडे राहतं, ते कळतं मला."

खालांची कात्री थांबली. "ठीक हाय," एवढंच त्या म्हणाल्या. पडद्यांबरोबर त्यांनी कातरणांची पुडीही माझ्या हातात ठेवली. करंगळीएवढ्या चिंध्यासुद्धा त्यात होत्या.

पहिल्याच धुण्यात पडदे चार बोटं आखूड झाले. थोडी लांबी मिळेल म्हणून मी दुमड उसवली. आत आणखी एक पट्टी जोडून मुडपलेली होती. रंग जवळजवळ तोच, पण कापड माझं नव्हतं.

पडदे खिडकीला बरोबर बसले. मी मात्र त्या गल्लीतून जायचं टाळू लागले आणि पुढचं शिवण दुसरीकडे टाकलं.