सात चाळीसची नोंद

कल्याणातल्या त्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या नंबरांची फाइल महिन्यात तिसऱ्यांदा बिघडली, तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी मला बोलावणं आलं. मालक काका सत्तरीचे, टापटिपीचे. त्यांचा संशय माझ्याआधीच पोचला होता. दुकान झाडायला येणाऱ्या मावशींकडे किल्ली असायची. त्या साडेसातला यायच्या, आठच्या आत पुढच्या घरी. काका यायचे साडेदहाला. त्या दिवशी त्यांनी मावशींना कामं सोडून अकराला बोलावून घेतलं होतं. त्या दाराशी उभ्या होत्या, पिशवी छातीशी धरून.

कॉम्प्युटर कधी चालू झाला, कधी बंद झाला याची नोंद तो स्वतःच ठेवतो. मध्येच वीज तुटली तर पुढच्या वेळी लाल खूण करून तेही सांगतो. मी नोंदी माझ्या लॅपटॉपवर काढल्या आणि थेट लाल खुणा शोधल्या. जवळजवळ रोजची एक. दर वेळी काम तुटलेलं सात चाळीसच्या आसपास, आणि पुन्हा सुरू झालेलं साडेदहाला.

"सकाळी पावणेआठच्या सुमाराला कुणीतरी वीज तोडतंय," मी म्हणाले. मला तेव्हा स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं, खोटं कशाला सांगू.

"रात्री मी नीट बंद करून जातो," काका म्हणाले. "म्हणजे पुसताना बटण दाबलं जात असणार, आणि मग घाबरून प्लग ओढत असतील. मावशी, किल्ली ठेवा इथे."

मावशींनी किल्ली काउंटरवर ठेवली. मग माझ्याकडे वळल्या. "ताई, वायरींना हात लावायचा नाय, असं पहिल्याच दिवशी सांगितलेलं मला. मी तिथे झाडूपण फिरवत नाय. वाकून बघा तुम्ही."

मी वाकून बघितलं. टेबलाखाली वायरींवर धुळीचा जाड थर होता. त्यावर एक बोटही उमटलेलं नव्हतं.

मी नोंदी वर सरकवल्या. लाल खुणेच्या आधी कॉम्प्युटर चालू कधी झाला, हे बघायची तसदीच मी घेतली नव्हती. तिथे होतं: पाच वाजता. कालही पाच, परवाही पाच. पहाटे पाचला या दुकानात कोण येणार?

नोंदी अशा बाहेर काढल्या की त्या ग्रीनविचच्या वेळेत येतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. हे माझ्या हाताखाली काम शिकणाऱ्या दोन पोरींना मीच शिकवलं होतं. पाच म्हणजे आपले साडेदहा. सात चाळीस म्हणजे दुपारचे एक दहा, आणि पुन्हा सुरू झाल्याचे साडेदहा म्हणजे दुपारचे चार.

मी गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. तो विचार आला, एवढं कबूल करते. मला लाज वाटली.

"काका, माझं चुकलं. वेळ मी चुकीची वाचली. हे दुपारी होतंय, एकच्या नंतर. तुम्ही जेवायला जाताना काय करता?"

"मेन स्विच बंद करतो आणि शटर ओढतो. वडिलांपासूनची पद्धत आहे."

"आणि कॉम्प्युटर?"

"तो झोपलेला असतो. चारला मेन लावून बटण दाबलं की उठतो." बोलता बोलता ते थांबले. "यूपीएस आहे की त्याला."

यूपीएसची बॅटरी केव्हाच संपली होती. मी ते सांगितलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग बोटाने किल्ली मावशींच्या बाजूला सरकवली.

मावशींनी ती उचलली नाही. "राहू द्या तुमच्याकडेच. उद्यापासून तुम्ही आल्यावर येईन. तुमच्यासमोर झाडीन."

साडेदहाला इथे म्हणजे त्यांचं त्या वेळेचं दुसऱ्या घरचं काम सुटणार होतं. मी म्हणाले, "मावशी, चूक माझी होती, तुमचा संबंधच नाही."

"कळलं ना ताई," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही वाकून बघेपर्यंत गुन्हेगार मीच होते." आणि चपला घालून पायऱ्या उतरल्या.