नणंदेच्या शहरात लॉजवर

दोन दिवस हैदराबादला फिरायला आणि जेवायला जायचं, असं मी जाहीर केलं तेव्हा फिरणं नवऱ्याला पटलं, जेवणं पटलं नाही.

"जेवायला म्हणून कोण एवढ्या लांब जातंय? घरी उपाशी हाईस का?"

आखाडा बाळापूरला आमचं बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून याचं तोंड दुखतं, आणि उरलेलं शहाणपण संध्याकाळी माझ्या वाट्याला येतं.

उपाशी नव्हते. पण लग्न झाल्यापासून गरम भाकरी खाल्लेली मला आठवत नाही. आमच्याकडं थापणारीनं शेवटी बसायचं. आधी गडीमाणसं, मग लेकरं, पाहुणे असले तर त्यांच्या बायका, आणि सगळे उठल्यावर टोपल्यात उरेल ते आपलं. याला कोणी जुलूम म्हणत नाही, मीही म्हणत नाही. रीतच तशी आहे. मला फक्त दोन दिवस बसून खायचं होतं. दुसऱ्या कुणी तरी केलेलं, वाढलेलं, गरम. आणि 'रात्रीला काय करतीस?' असं कोणी विचारायचं नाही. एवढंच मागणं होतं, आणि ते मी नवऱ्याला तोंडावर सांगितलं होतं. तो "व्हय, व्हय" म्हणाला. त्याच्या "व्हय, व्हय"चा अर्थ ऐकलं नाही असा असतो.

संक्रांतीनंतर दुकान जरा ढिलं पडतं, तेव्हा जायचं ठरलं. वारंगा फाट्यावरून नांदेड, नांदेडहून रेल्वे. मुंबई-पुण्यापेक्षा आम्हाला हैदराबाद बरं. आमचं मोडकं हिंदी तिथं मोडकं वाटत नाही. घोळ झाला तो उपवासाच्या वारांचा. सोमवार नवऱ्याचा, गुरुवार माझा, शनिवार दोघांचा. चतुर्थी, एकादशी निराळ्या. जेवायला म्हणून जायचं आणि साबुदाणा खाऊन परत यायचं, हे मला चालणार नव्हतं. कॅलेंडर भिंतीवरून काढून मांडीवर घेतलं आणि मंगळवार-बुधवार धरले. पुण्याला शिकणाऱ्या लेकीनं मोबाइलवरून चारमिनारच्या बाजूला लॉजची खोली ठरवून दिली.

मग मी हॉटेलं बघायला लागले. लोक पोरीसाठी स्थळं बघतात तशी बघितली. हे लांब पडतंय, इथं फार गर्दी, हे दिसायला चांगलं पण लोक नावं ठेवून राहिलेत. सकाळी इराणी चहा आणि बिस्किटं, दुपारी बिर्याणी, संध्याकाळी बांगड्यांचा बाजार फिरून तंदूरची रोटी. दुसऱ्या दिवशी गोवळकोंडा, आणि उतरल्यावर परत जेवण. आयुष्यात पहिल्यांदा जेवणाचा विचार करताना मला कांदे चिरावे लागले नाहीत.

आणि नवऱ्यानं बहिणीला फोन केला.

ही त्याची धाकटी बहीण. लग्न झाल्यापासून हैदराबादलाच असते. "म्या निस्तं इचारलं, कोणतं हॉटेल चांगलं हाय म्हणून," तो म्हणाला. निस्तं इचारलं! आमच्या भागात नातेवाइकाला त्याच्या गावातलं काही विचारणं म्हणजे येतो म्हणून सांगणं, आणि येतो म्हणून सांगितलं की मुक्काम त्याच्याच घरी. लेकराला कळतं हे. याच्या एका चुलत्यानं कधी काळी नांदेडला साडूचं घर असताना धर्मशाळेत पथारी टाकली होती. साडूकडच्या लग्नकार्यात ते अजून निघतं.

दहा मिनिटांत नणंदेचा उलटा फोन. "लॉजवर? काहून, आमी मेलो काय हितं? दादा, लोक थुंकतील माझ्या तोंडावर!" मग नवरा हसत हसत मला सांगत राहिला. जवारीचं पीठ घेऊन या म्हणती. वसमतची हळद घेऊन या. भाऊजींनी आणि तिच्या सासू-सासऱ्यांनी बऱ्याच दिवसांत नीट भाकर खाल्ली न्हाई, वैनीच्या हातच्या खातील.

"बरं झालं की," तो म्हणाला. "घरच्यासारखं जेवण मिळंल."

"अहो, घरच्यासारखं नको म्हणून तर चाललेय ना मी!"

एवढ्या जोरात ओरडले की शेजारीण दारात आली. मी तिला काही नाही म्हटलं, आत गेले आणि पिठाच्या डब्यापुढं उभी राहिले. रडू आलं. चारमिनार मला पुढच्या वर्षीही दिसला असता, पण हे दोन दिवस मी पुन्हा मागितले नसते. एकदा मागायलाच इतकी वर्षं लागली होती.

दुसऱ्या दिवशी नवरा दुकानात गेल्यावर नणंदेला मीच फोन लावला. गोड बोलायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

"ताई, राग आला तर येऊ द्या. मी तुमच्याकडं राहणार न्हाई. भेटायला येईन, चहा घेईन. पण दोन दिवस मला कोणाच्याच गॅसजवळ उभं राहायचं न्हाई. तुमच्या बी न्हाई."

तिकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग आणखी एक. झालं, आता हे सगळ्या भावकीत जाणार, असं मी धरून चालले.

"वैनी," ती म्हणाली, "त्या लॉजच्या खोलीत किती जण मावतेत?"

मला वाटलं, टोमणाच असणार.

"जास्तीची गादी टाकून देत असतील तर मी बी येते. तुमच्याजवळ."

इतकी वर्षं तिथं राहून तिनं चारमिनार दोनदाच पाहिला होता, दोन्ही वेळा गावाकडचे पाहुणे आले म्हणून. दोन्ही वेळा पहाटे उठून सगळ्यांचा डबा करून नेला होता. "बाहीर कोण खातंय वैनी, घरी मी असल्यावर," ती म्हणाली, आणि इतक्या सरळ आवाजात म्हणाली की तिच्यावरचा माझा राग कुठल्या कुठं गेला.

मग बेत बदलला. लॉजवर आम्ही दोघी, नवरा बहिणीच्या घरी. "मंग आमी काय खावं?" त्यानं विचारलं. म्हटलं, इचारा ना कोणाला तरी, कोणतं हॉटेल चांगलं हाय. त्यानंतर रेल्वेत बसेपर्यंत तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. मला त्याची काही तकलीफ झाली नाही.

चारमिनारपासून जवळच एका साध्या हॉटेलात आम्ही दोघी पहिलं जेवलो. वेटरनं रोट्या आणून ठेवल्या, वाफ निघत होती. मी एक उचलून नणंदेच्या ताटात वाढली, तिनं एक माझ्या. मी तिला भाजी वाढली, तिनं माझ्या ताटात लिंबू पिळलं. "घ्या, तुमी सुरू करा." "न्हाई वैनी, तुमी घ्या आधी." घास कोणीच मोडेना. हात पुढंच होईना. दोघींचा बी.

वेटर दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा थांबला. "क्या हुआ अम्मा? और कौन आने वाले हैं?"

दोघींनी दाराकडं पाहिलं.

दारात कोणी नव्हतं. मला माझीच चीड आली. नणंदेनं रोटीला बोट लावून बघितलं. ती गार झाली होती.

"कोई नहीं आने वाला," नणंद म्हणाली, आणि दोन्ही ताटं त्याच्याकडं सरकवली. "ये लेके जाव भैया. गरम लाव. दोनों को एकदम लाव."